परिचर्या शिक्षणातील लेखी प्रत्याभरण : विद्यार्थ्यांच्या शुश्रूषा आराखड्यांवरील शेऱ्यांचा विचार

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, लेखी प्रत्याभरण, शुश्रूषा आराखडा, आकारिक मूल्यमापन, शेरा

प्रास्ताविक :

परिचर्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याचे शिक्षण दोन ठिकाणी चालते. एक महाविद्यालयाचा वर्ग आणि दुसरे रुग्णालयातील वॉर्ड. या दोन ठिकाणांना जोडणारी वस्तू म्हणजे विद्यार्थ्याची फाइल होय. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य अशा प्रत्येक पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने शुश्रूषा आराखडे, केस स्टडी, आरोग्यशिक्षणाचे पाठ आणि औषधांची टिपणे लिहून द्यावी लागतात. रोजच्या बोलण्यात शुश्रूषा आराखड्याला 'केअर प्लॅन' असेच म्हटले जाते. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना प्रयोगवही व शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठ टाचण जितके परिचित आहे, तितकाच परिचर्येच्या शिक्षकाला केअर प्लॅन परिचित असतो. फरक इतकाच, की प्रयोगवहीतील चूक प्रयोगशाळेतच राहते. केअर प्लॅनमधील चूक मात्र एखाद्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकते.

या लेखनावर शिक्षक लाल शाईने जे लिहितात त्याला शिक्षणशास्त्रात लेखी प्रत्याभरण असे म्हणतात. व्यवहारात तो 'शेरा' किंवा 'रिमार्क' असतो. भारतीय परिचर्या परिषद ही १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली संस्था अभ्यासक्रमाचा आराखडा ठरविते आणि महाराष्ट्रात १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ बी. एस्सी. नर्सिंगच्या परीक्षा घेते. किती आराखडे लिहावेत, कोणत्या वॉर्डात लिहावेत, त्यांना किती गुण असावेत हे यांतून निश्चित होते. परंतु त्या आराखड्याच्या समासात शिक्षकाने काय लिहावे, हे ठरविणारा नियम नाही. ती जागा सर्वस्वी शिक्षकाची आहे. प्रस्तुत लेखात याच जागेचा विचार केला असून, शेरा हा त्या विशिष्ट रुग्णाला बांधलेला असला तरच तो विद्यार्थ्याच्या विचारात बदल घडवितो, असे प्रतिपादन केले आहे.

प्रत्याभरण म्हणजे काय ?

१९६७ मध्ये मायकेल स्क्रिवन यांनी मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन प्रकार वेगळे केले. संकलित मूल्यमापन शेवटी निर्णय देते. आकारिक मूल्यमापन काम चालू असतानाच त्या कामात सुधारणा व्हावी यासाठी असते. पुढे १९८३ मध्ये रामप्रसाद यांनी प्रत्याभरणाची जी व्याख्या केली ती आजही उपयुक्त वाटते. प्रत्यक्ष पातळी आणि अपेक्षित पातळी यांमधील अंतराविषयीची माहिती जेव्हा ते अंतर कमी-अधिक करण्यासाठी वापरली जाते, तेव्हाच ते प्रत्याभरण ठरते. केवळ नोंदविलेली माहिती म्हणजे प्रत्याभरण नव्हे. ऑस्ट्रेलियातील डी. रॉयस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हाच विचार शिक्षणाला लावला. अपेक्षित दर्जा कोणता हे विद्यार्थ्याला ठाऊक हवे, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहता यायला हवे आणि मधले अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करता यायला हवे, अशा तीन अटी त्यांनी सांगितल्या.

या कसोटीवर पाहिल्यास फाइलच्या प्रत्येक पानावर आढळणारी बरोबरची खूण, तारीख आणि आद्याक्षरांची सही हे प्रत्याभरण ठरत नाही. ती पोच आहे. 'तपासले', 'ठीक', 'अपूर्ण', 'नीट लिहा', 'अक्षर सुधारा', 'आकृती काढा' हे शेरे त्याहून थोडे पुढे जातात, पण अंतर कशातले आहे ते सांगत नाहीत. 'अपूर्ण' असा शेरा वाचून विद्यार्थिनी बहुधा आणखी अर्धे पान लिहून आणते, आणि ते अर्धे पान पाठ्यपुस्तकातले असते.

आराखड्याची रचना आणि तिचा साचा :

इतर विद्याशाखांच्या वाचकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शुश्रूषा आराखडा हा 'नर्सिंग प्रोसेस' या पद्धतीवर उभा आहे. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लॅंडो यांच्या लेखनातून या विचाराला चालना मिळाली. १९६७ मध्ये युरा व वॉल्श यांनी त्याची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली आणि १९७३ च्या अमेरिकेतील परिषदेनंतर 'नर्सिंग डायग्नोसिस' ही पायरी त्यात रूढ होत गेली. आज विद्यार्थी कागद आडवा धरून रकाने आखतात : निरीक्षण, नर्सिंग डायग्नोसिस, उद्दिष्ट, नियोजन, त्यामागील कारण, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. निरीक्षणाच्या रकान्यातही रुग्णाने सांगितलेले आणि परिचारिकेने पाहिलेले असे दोन भाग असतात.

ही रचना विचाराला शिस्त लावण्यासाठी आहे. मात्र रकाने भरण्याची सवय लागली, की तीच रचना विचार टाळण्याचे साधन बनते. कोणत्याही महाविद्यालयातील फाइल उघडली तरी काही वाक्ये हमखास भेटतात. 'आरामदायी स्थिती दिली', 'डॉक्टरांच्या आदेशानुसार औषध दिले', 'मानसिक आधार दिला' ही अंमलबजावणीच्या रकान्यातील वाक्ये, आणि मूल्यमापनाच्या रकान्यात 'रुग्णाच्या वेदना काही प्रमाणात कमी झाल्या'. ही वाक्ये खोटी नसतात. ती कोणत्याही रुग्णाला लागू पडतात, हाच त्यांचा दोष आहे. अशी वाक्ये ज्येष्ठ वर्गाच्या फाइलमधून कनिष्ठ वर्गाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षे उतरत राहतात. त्यांना दरवर्षी मिळणारी बरोबरची खूण या परंपरेला मान्यता देत असते, हे शिक्षकांनी लक्षात घेणे इष्ट ठरेल.

नॅन्सी सोमर्स यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील लेखन-अध्यापकांच्या शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक शेरे त्या विशिष्ट निबंधाविषयी नसतात, ते रबरी शिक्क्यासारखे एका निबंधावरून दुसऱ्यावर उमटविता येतील असे असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हे निरीक्षण निबंधांविषयी असले तरी परिचर्येच्या फाइलला ते दुहेरी अर्थाने लागू पडते. येथे विद्यार्थिनीचा आराखडाही एका रुग्णावरून दुसऱ्यावर नेण्याजोगा असतो आणि शिक्षकाचा शेराही. सर्वसाधारण शेरा सर्वसाधारण आराखडाच शिकवितो.

एका आराखड्याचे उदाहरण :

हा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट होईल. मेडिकल वॉर्डात हार्ट फेल्युअर असलेला एक वयस्क पुरुष रुग्ण दाखल आहे असे समजू. पायांवर सूज आहे, दम लागतो आणि तीन दिवस शौचास झालेले नाही. केसपेपरवर चोवीस तासांत १ लिटरपेक्षा अधिक द्रवपदार्थ देऊ नयेत असा आदेश आहे. विद्यार्थिनीने बद्धकोष्ठता ही समस्या अचूक ओळखली, उद्दिष्टही योग्य लिहिले आणि नियोजनाच्या रकान्यात लिहिले, 'रुग्णास भरपूर द्रवपदार्थ घेण्यास प्रोत्साहन देणे'.

पाठ्यपुस्तकातील बद्धकोष्ठतेच्या प्रकरणाशी हे वाक्य तंतोतंत जुळते, म्हणून त्याला बरोबरची खूण मिळण्याची शक्यता दाट असते. प्रत्यक्षात या रुग्णाच्या बाबतीत ते घातक आहे. येथे शिक्षकापुढे तीन पर्याय असतात. पहिला, वाक्यावर फुली मारणे. त्यातून चूक कळते, कारण कळत नाही. दुसरा, योग्य उत्तर स्वतःच लिहून देणे : तंतुमय आहार, आदेश असल्यास मल मऊ करणारे औषध, कुंथणे टाळण्याविषयी सूचना. यातून विद्यार्थिनीला उत्तर मिळते आणि ती ते उतरवून घेते. तिसरा पर्याय असा शेरा लिहिण्याचा : 'या रुग्णाला दिवसभरात किती द्रवपदार्थ द्यायचे आहेत ते केसपेपर व इनटेक-आउटपुट चार्टवर पाहा आणि मग हा उपाय पुन्हा लिहा.' या शेऱ्यात उत्तर नाही. उत्तर कोठे आहे, ते आहे. विद्यार्थिनीला पुन्हा खाटेपाशी जावे लागते. शेरा त्या रुग्णापुरताच खरा असल्यामुळे तो इतर कोणाच्या फाइलवर ठेवता येत नाही. मात्र समस्येचा उपाय लिहिण्यापूर्वी त्याच रुग्णाच्या दुसऱ्या व्याधीशी तो ताडून पाहावा, ही विचाराची रीत पुढच्या रुग्णाकडे जाते.

जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांनी २००७ मध्ये प्रत्याभरणाच्या ज्या चार पातळ्या सांगितल्या, त्या या तीन पर्यायांच्या संदर्भात पाहाव्यात. काम बरोबर की चूक ही पहिली पातळी, काम करण्याची प्रक्रिया ही दुसरी, स्वतःच्या कामावर स्वतः लक्ष ठेवणे ही तिसरी आणि व्यक्तीविषयीचे मत ही चौथी. फुली पहिल्या पातळीवर थांबते. केसपेपरकडे परत पाठविणारा शेरा दुसऱ्या व तिसऱ्या पातळीवर जातो. 'शाबास', 'हुशार विद्यार्थिनी' किंवा 'निष्काळजी' हे शेरे चौथ्या पातळीचे असून शिकण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत कमी उपयोगाचे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

भाषेचा प्रश्न :

महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांत हा विषय भाषेपासून वेगळा काढता येत नाही. फाइल इंग्रजीत लिहावयाची असते. अनेक विद्यार्थिनी मराठी माध्यमातून बारावी झालेल्या असतात, आणि जी. एन. एम. अभ्यासक्रमाला कला शाखेतूनही प्रवेश मिळतो. रुग्ण मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा हिंदीत बोलतो, विद्यार्थिनी ते ऐकते आणि मोडक्या इंग्रजीत नोंदविते. शिक्षकाची नजर साहजिकच त्या मोडक्या इंग्रजीवर पडते.

वरील उदाहरणातील विद्यार्थिनीने निरीक्षणाच्या रकान्यात 'पेशंट नॉट स्लीपिंग, ओन्ली सिटिंग अ‍ॅट नाइट' असे लिहिले आहे असे समजा. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात क्रियापद दुरुस्त करावे लागेल. परंतु परिचर्येच्या दृष्टीने तिने फार मोलाची गोष्ट टिपली आहे. आडवे झाल्यावर दम वाढणे आणि म्हणून रुग्णाने रात्रभर बसून राहणे, याला 'ऑर्थोप्निया' म्हणतात व हार्ट फेल्युअरचे ते महत्त्वाचे लक्षण आहे. ते तिने रुग्णाकडे पाहून ओळखले, फक्त त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. शिक्षकाने क्रियापद दुरुस्त करून पुढचे पान उलटले, तर तिच्या मनावर ठसते ते एवढेच की आपले वाक्य चुकले. पुढच्या वेळी ती पाहिलेले लिहिणार नाही, पाठ्यपुस्तकातील निर्दोष वाक्य लिहील. साचेबंद लेखनाचे एक मोठे कारण विद्यार्थ्यांचा आळस नसून भाषेच्या चुकीचे हे भय आहे. त्याऐवजी 'हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. याला काय म्हणतात ते शोधा. किती उशा घेतल्यावर त्यांना झोप लागते ते विचारा', असा शेरा लिहिला तर निरीक्षण टिकते आणि संज्ञाही शिकली जाते. असा शेरा मराठीत लिहिण्यासही हरकत असू नये. फाइल इंग्रजीत आहे म्हणून शेराही इंग्रजीतच असला पाहिजे, हा संकेत आहे, नियम नव्हे.

याचा अर्थ बाह्य रूपाच्या सर्व दुरुस्त्या निरर्थक आहेत असा नाही. काही दुरुस्त्या नीटनेटकेपणाच्या वाटतात, पण प्रत्यक्षात जिवाशी निगडित असतात. डिगॉक्सिन या औषधाची मात्रा '०.२५' मिलिग्रॅम अशी न लिहिता '.२५' अशी लिहिली, तर बिंदू पुसट होताच ती '२५' वाचली जाते. '५.०' असे लिहिल्यास ती '५०' वाचली जाण्याचा धोका असतो. इन्सुलिनच्या 'युनिट' या शब्दाऐवजी नुसते इंग्रजी 'यू' हे अक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ज्या लेखनपद्धती वापरू नयेत म्हणून यादी केली, तीत या तिन्हींचा समावेश आहे. औषधांच्या टिपणात अशी चूक दिसताच शिक्षकाने ती दुरुस्त करावी आणि सोबत एका ओळीत कारणही लिहावे. कारणाशिवाय ती दुरुस्ती 'समास सोडा' या सूचनेच्याच रांगेत जाऊन बसते. एकाच लाल शाईत, एकाच जाडीच्या अक्षरांत समासाची चूक आणि मात्रेची चूक लिहिली गेली, तर दोहोंचे वजन विद्यार्थिनीने कसे ओळखावे ?

गुण आणि शेरा :

भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१ पासूनचा सुधारित बी. एस्सी. अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा असून त्यात अंतर्गत मूल्यमापनाला निश्चित वाटा आहे. त्यामुळे बहुतेक लेखनावर शेरा व गुण एकाच वेळी पडतात. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात केवळ अभिप्राय, केवळ गुण आणि दोन्ही एकत्र अशा तीन रीतींची तुलना केली होती. केवळ अभिप्राय मिळालेल्यांची गोडी व कामगिरी टिकली, पण अभिप्रायाला गुणांची जोड मिळताच त्याचा लाभ जवळपास नाहीसा झाला. शालेय मुलांवरील निष्कर्ष प्रौढ विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. तरीही फाइल परत मिळताच विद्यार्थ्यांची नजर प्रथम कोठे जाते, हे कोणत्याही विद्याशाखेच्या प्राध्यापकाला सांगावे लागू नये. पहिल्या आराखड्यावर केवळ शेरा आणि दुरुस्त आराखड्यावर गुण, अशी व्यवस्था विद्यमान नियमांत राहूनही करता येते.

प्रत्याभरण नेहमी हितकारकच असते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. क्लुगर व डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाममूल्यांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरीने प्रत्याभरणाचा उपयोग दिसला, परंतु एक-तृतीयांशाहून अधिक बाबतींत कामगिरी उलट खालावली. लक्ष कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की असे घडते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. परिचर्या क्षेत्रात ज्येष्ठ-कनिष्ठतेची जाणीव मुळातच तीव्र असते. 'हे काय लिहिले आहे ?' किंवा 'कॉपी !' असा शेरा वाचून विद्यार्थिनी शिक्षकाकडे शंका घेऊन येत नाही, ती मैत्रिणीकडे जाते. तिथे तिला उत्तर मिळतेही, पण ते आणखी एका फाइलमधले असते.

वेळ आणि कामाचा भार :

परिचर्येतील शेऱ्याला एक अडचण अशी आहे, जी इतर विद्याशाखांना नाही. निबंध महिन्याने परत आला तरी निबंधाचा विषय जागेवर असतो. केअर प्लॅन तीन आठवड्यांनी परत आला तर रुग्ण घरी गेलेला असतो, आणि विद्यार्थिनी मेडिकल वॉर्डातून बालरोग वॉर्डात. 'केसपेपर पाहा' हा उत्तम शेराही मग निरुपयोगी होतो, कारण पाहण्यासाठी केसपेपर उरलेला नसतो. म्हणून आराखड्यावरील प्रत्याभरण पोस्टिंग चालू असताना, शक्य तर दुसऱ्या दिवशी, वॉर्डातच देणे आवश्यक आहे. उशीर अपरिहार्य असेल तेव्हा शेऱ्याचे रूप बदलावे लागते. गेलेल्या रुग्णाविषयी प्रश्न विचारण्याऐवजी 'पुढील रुग्णाचा आराखडा लिहिताना वेदनेची तीव्रता औषधापूर्वी व औषधानंतर ० ते १० या मापावर नोंदवा' असे पुढे पाहणारे वाक्य लिहावे लागते. 'काही प्रमाणात वेदना कमी झाल्या' या वाक्यावरचा खरा उपाय तोच आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप सहज समजण्याजोगा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने एका पोस्टिंगमध्ये प्रत्येकी तीन आराखडे लिहिले तर ते १८० होतात. प्रत्येकाला १५ मिनिटे दिली तर ४५ तास लागतात, आणि त्याच आठवड्यांत तासिका, वॉर्डातील देखरेख व परीक्षांची कामेही असतात. अशा स्थितीत बरोबरची खूण हा दोष नसून जगण्याचा मार्ग ठरतो. परंतु १८० आराखड्यांवर १८० सह्या करण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याचा एकच आराखडा, त्यातीलही एकच समस्या निवडून निरीक्षणापासून मूल्यमापनापर्यंत सविस्तर तपासता येते. उरलेले आराखडे त्या एका शेऱ्याच्या आधारे विद्यार्थ्यांनी परस्परांचे तपासावेत. सॅडलर यांची दुसरी अट, म्हणजे आपले काम दर्जाशी ताडून पाहण्याची क्षमता, अशा तपासणीतच तयार होते. समासात सर्वच रकान्यांवर बारीकसारीक सात शेरे लिहिण्यापेक्षा दोन शेरे व त्यांखाली विद्यार्थ्याच्या उत्तरासाठी मोकळ्या दोन ओळी ठेवणे अधिक फलदायी होते. त्या ओळी भरल्याशिवाय पुढील आराखडा स्वीकारू नये. विद्यार्थ्याने शेऱ्याचे काय केले हे शिक्षकाला समजण्याचा तोच एक मार्ग आहे.

अडचण राहते ती प्रात्यक्षिक परीक्षेची. परीक्षक फाइल चाळतात तेव्हा पानांची संख्या, आखणी, सह्या व तारखा पूर्ण आहेत की नाहीत हे पाहिले जाते. खाडाखोड केलेला, शेऱ्यांनी भरलेला आणि दुसऱ्यांदा लिहिलेला आराखडा तेथे अस्वच्छ दिसतो, म्हणून परीक्षेपूर्वी विद्यार्थिनी संपूर्ण फाइल नव्याने उतरवून काढतात आणि शेरे असलेली पाने टाकून देतात. शिक्षकही कोऱ्या प्रतीवर मागील तारखांनी सह्या करतात. दुरुस्तीचे पहिले पान व दुसरे पान एकत्र टाचूनच फाइल परीक्षेस सादर करावी, असा साधा ठराव विभागाच्या बैठकीत झाला आणि तो परीक्षकांना आगाऊ कळविला, तर ती पाने टाकून देण्याचे कारण उरत नाही.